पहिलं ऊटा, बोलणं नंतर

जयसिंगरावांना अख्ख्या आयुष्यात ‘कमी बोला’ असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? एकतीस वर्षं बंगळूरच्या सिटी बसवर कंडक्टरकी केलेला माणूस. पुढच्या दाराशी उभं राहून मागच्या दारात लोंबकळणाऱ्याला ‘मुंदे होगी, मुंदे होगी’, म्हणजे पुढे सरका, पुढे सरका, अशी हाळी घालायची, आणि ती त्याला गर्दीतून ऐकू जायला हवी. असा गळा घरात आला की मऊ होईल, ही अपेक्षाच चुकीची. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी बसवनगुडीतल्या घरात त्यांनी ‘चहात साखर कमी आहे’ म्हटलं की समोरच्या घरात ऐकू जायचं. एकदा समोरच्या बाईंनी खरंच वाटीभर साखर आणून दिली होती.

आणि त्यांना कमी बोला म्हणून सांगितलं कुणी? पोटच्या पोरीनं.

गुरुवारची संध्याकाळ होती. चंदना ऑफिसातून आली, बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “अप्पा, एक सांगू? रागावायचं नाही.”

“सांग की.”

“शनिवारी तनयचे आईबाबा यायलेत ना पुण्याहून. त्यांच्यापुढं स्वल्प कमी बोला.”

स्वल्प म्हणजे थोडं. शब्द कानडी, पण ह्या घरात त्याला कानडी कोण म्हणणार? जयसिंगरावांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. बरोबर आणलेली मराठी त्यांनी जपली, पण इथल्या मिठाशिवाय ती कशी शिजणार? त्या मराठीत स्वल्प आलं, ‘ठीक आहे’ म्हणायला सरी आलं, अय्यो आलं, आणि क्रियापदंही कानडी चालीनं चालायला लागली. पुण्याची माणसं ‘मी जेवण केलं’ म्हणतात. जयसिंगराव म्हणतात, ‘मी जेवण केलो.’ केलो कुणी? मी. मग केलो. ह्यात चुकलं काय, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

पण चुकलं होतं. मागच्या महिन्यात तनयच्या आईबाबांशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोलणं झालं. तनय म्हणजे चंदनाच्या ऑफिसातला पुण्याचा मुलगा. दोघांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं, आता फक्त मोठ्यांनी एकमेकांना बघून ‘हो’ म्हणायचं राहिलं होतं. तनयची आई, अंजलीताई, पुण्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. जयसिंगराव उत्साहानं म्हणाले, “आत्ताच जेवण केलो बघा!” आणि त्या बाईंच्या तोंडून, सवयीनं हो, अगदी हसून, निघून गेलं, “केलं.” चंदनानं शेजारी बसून मान खाली घातली होती. जयसिंगरावांनी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

“सरी,” ते आता म्हणाले. “कमी बोलतो.”

चंदना “थँक्यू अप्पा” म्हणून आत गेली. जयसिंगराव खुर्चीत बसून राहिले. आपल्या पोरीला आपली लाज वाटते. हे त्यांनी मनात अगदी ह्याच शब्दांत म्हटलं. तिची आई गेली तेव्हा ही सोळा वर्षांची होती. तेव्हापासून घरात दोघंच, आणि दिवसभर दोघांची तोंडं चालू. त्याच तोंडाची आता अडचण व्हायला लागली होती.

पण माणूस कंडक्टर. सीट मिळाली नाही म्हणून रडत बसणाऱ्यातला नव्हे. त्यांनी विचार केला: आपण बोलायचं नाही ना? मग आपल्या वतीनं जेवणाला बोलू दे. आनेकलच्याही पलीकडे होन्नकेरे म्हणून एक तळ्याकाठचं गाव आहे. तिथं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, सकवारअक्काचं, मिलिटरी हॉटेल आहे. हॉटेलच्या माडीवर तळ्याकडे तोंड करून तीन खोल्या. शनिवार-रविवार पाहुण्यांना तिथंच न्यायचं. अक्काच्या हातचं मटण खाऊन लग्नाला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

आता मिलिटरी हॉटेल म्हणजे काय, हे बंगळूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जिथं मटण-कोंबडी मिळते ते मिलिटरी हॉटेल. मिलिटरीचा तिथं काही संबंध नाही. पण पुण्याच्या माणसाला हे सांगायला नको का? तनयनं घाईघाईत बापाला फोनवर एवढंच सांगितलं, “शनिवारी दुपारी मिलिटरी हॉटेलला जेवण आहे,” आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

शनिवारी सकाळी जयसिंगराव चंदनाची छोटी गाडी घेऊन जयनगरला तनयच्या फ्लॅटखाली उभे राहिले, तेव्हा जिन्यावरून तनयचे वडील उतरले. अजितरावांनी गडद निळा ब्लेझर घातला होता. टाय होता. बुटांत तोंड दिसत होतं. केस असे बारीक कापलेले की कानांमागची कातडी पांढरी दिसत होती. बगलेत एक प्लॅस्टिकची फाईल. मागून अंजलीताई, रेशमी साडी, पदराला पिन.

तनय आणि चंदना मोटरसायकलवरून आधीच पुढे गेले होते. आनेकलला हार, फुलं घेऊन तळ्यावर भेटतो म्हणाले होते. म्हणजे गाडीत आता हे तिघंच.

जयसिंगरावांनी गुरुवारपासून एक युक्ती शोधून काढली होती. चूक होते ती क्रियापदात. एकेकटा शब्द बोलला तर त्याला व्याकरण लागत नाही. तेव्हा दोन दिवस एकेक शब्द.

“या,” ते म्हणाले. “बसा.”

गाडी निघाली. शहर मागे पडलं. आनेकलच्या पुढे रस्ता अरुंद झाला आणि डांबरावर कुणीतरी तपकिरी कणसांचा गालिचा अंथरून ठेवलेला दिसला. त्याच्यावरून लॉरी गेली, बस गेली, जयसिंगरावही गेले.

“अहो, अहो, हे काय पसरलंय रस्त्यावर?” अजितराव.

“नाचणी.”

एरवी ह्या एका नाचणीवर जयसिंगराव पाऊण तास बोलले असते. शेतकरी मळणीसाठी ती रस्त्यावर का टाकतात, चाकाखाली दाणा कसा सुटतो, एकदा त्यांची बस नाचणीवरून घसरून थेट लग्नाच्या मांडवात कशी शिरली आणि नवऱ्यामुलानं ड्रायव्हरलाच पहिला लाडू कसा दिला. सगळं जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी जीभ चावली.

“आत कॅमेरा चालतो ना?” अजितरावांनी विचारलं.

“चालतो.”

“आणि मोबाईल? गेटवर जमा करतात का?”

“नाही.”

“मी आधार कार्डं घेतलीत सगळ्यांची. झेरॉक्सही आहेत, दोन दोन,” अजितराव फाईलवर हात ठेवून म्हणाले. “कॉलर आणि बूट कंपल्सरी असतात ना अशा ठिकाणी? कुठली रेजिमेंट आहे?”

तेव्हा कुठे जयसिंगरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्लेझर! टाय! हजामत! त्यांच्या पोटातून हसू उसळून वर आलं, आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं. सांगावं का? पण हे समजावून सांगायचं तर कमीत कमी दहा-बारा वाक्यं आणि तितकीच क्रियापदं. नको रे बाबा. चंदना आली की सांगेल.

“छोटी,” ते म्हणाले. रेजिमेंटबद्दल.

थोड्या वेळानं अंजलीताईंनी मागून विचारलं, “जयसिंगराव, खरं सांगा हं. आमचा तनय तुम्हाला पसंत आहे ना?”

अहो, पसंत? तो पोरगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा उरलेलं सारू, म्हणजे रस्सा, वाटीला तोंड लावून प्यायला होता. त्या दिवसापासून जयसिंगराव त्याच्यावर फिदा होते. हे सगळं सांगायचं तर ‘प्यायला’ म्हणायचं का ‘प्यालं’? त्यांचा गोंधळ उडाला.

“हो,” ते म्हणाले.

त्या ‘हो’त काही दम नव्हता. मग मागच्या सीटवरून कुजबुज आली, “अहो, ह्यांच्या मनात नाहीये हे लग्न. बघा ना, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत.”

कंडक्टरचे कान. शेवटच्या सीटवर कोण विनातिकीट बसलंय ते ज्यांना ऐकू यायचं, त्यांना हे ऐकू येणार नाही? बोललं तर पोरीची मान खाली, न बोललं तर लग्नच खाली. करायला गेले गणपती आणि होत होता मारुती.

होन्नकेरे आलं. काय गाव हो! वळण संपलं की एकदम पाणीच पाणी. तळ्याच्या बांधावर चिंचेची जुनी झाडं, बांधाखाली कौलारू घरांची एकच रस्ताभर लांब ओळ, आणि पाण्यात कमळांच्या मधून बांबूच्या गोल होड्या फिरत होत्या. एका दारात डोसे, दुसऱ्यात फिल्टर कॉफी, तिसऱ्यात तळलेला मासा. पण सगळ्या वासांना पुरून उरणारा एक वास होता, आणि तो रस्त्याच्या टोकाहून, ‘सकवार मिलिटरी हॉटेल’ अशा पाटीखालून येत होता. अंजलीताईंच्या चेहऱ्यावरची आठी क्षणभर सैल झाली.

जयसिंगराव गाडी चिंचेखाली लावेपर्यंत अजितराव दाराशी पोचले. तिथं खाकी शर्टातला एक माणूस हात मागे बांधून उभा होता. अजितराव त्याच्यासमोर ताठ झाले, “जय हिंद” म्हणाले आणि फाईल उघडून तिन्ही आधार कार्डं पुढे केली. तो माणूस रिक्षावाला होता. पार्सलसाठी थांबला होता. त्यानं आधार कार्डं नीट बघितली, तनयच्या फोटोला बघून मान डोलावली, सगळी परत दिली आणि आत बोट दाखवलं. “होगी सार, होगी.”

“फारच शिस्त आहे,” अजितराव बायकोला म्हणाले.

आत लांब बाकं, समोर केळीची पानं. सकवारअक्का पदर खोचून आली. सत्तरीची, ठेंगणी, हातात पळी. भावासारखाच गळा. पाहुणे बाकावर बसले तशी ती तोंडभर हसून म्हणाली, “ऊटा! ऊटा!”

आता ऊटा म्हणजे कानडीत जेवण. अक्का म्हणत होती, जेवा, जेवा. पण पुण्याच्या कानाला काय ऐकू आलं? अजितराव आणि अंजलीताई गडबडीनं उठून उभे राहिले.

“अय्यो, का उठलात? बसा की!”

ते बसले. जयसिंगरावांना वाटलं, हात धुवायला उठले असतील. अक्कानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि आतल्या यल्लव्वाला हाक दिली, “यल्लव्वा, ऐदु ऊटा!” म्हणजे पाच जेवणं वाढायला घे. पाहुणे पुन्हा उठले. ह्या वेळी जरा सावकाश, एकमेकांकडे बघत.

“बसा हो, सारखं काय उठता?” अक्का म्हणाली.

आता जयसिंगरावांना कळलं. नको तितकं कळलं. ते दाराकडे बघायला लागले. चंदना कुठाय? फोनवर मेसेज होता: आनेकलला पंक्चर, दहा मिनिटांत पोचतो. दहा मिनिटं. यल्लव्वानं पानावर मीठ वाढलं, लोणचं वाढलं. दहा मिनिटं निघतील, त्यांनी मनाशी म्हटलं.

पण अंजलीताई शिक्षिका. अवघड प्रश्न आधी सोडवायचा ही सवय. त्यांनी पदर सावरला आणि अक्काला अदबीनं म्हणाल्या, “सकवारबाई, आधी जरा लग्नाचं बोलून घेऊ या का? म्हणजे मन मोकळं होईल.”

अक्कानं पळी हवेत नाचवली. “अय्यो! पहिलं ऊटा! बोलणं सगळं नंतर!”

अंजलीताई उठल्या. ह्या खेपेला त्या पुन्हा बसण्यासाठी उठल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. वाढल्या पानावरून माणसाला उठवणं ह्यापरता अपमान मराठी घरात दुसरा नाही, आणि ह्या घरानं तो तीनदा केला होता.

“चला हो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ह्यांना नकोय आपण. सकाळपासून तेच सांगतायत, आपल्यालाच कळत नाहीये.”

अजितरावांनी फाईल उचलली.

जयसिंगराव बाकावरून ताडकन उठले, आणि एकतीस वर्षांचा गळा, बस थांबवायच्या जुन्या हाळीसकट, एकदम सुटला.

“होल्डाऽऽन!”

रस्त्यावरचा रिक्षावाला दचकला. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. अंजलीताई एक पाय बाकाबाहेर टाकून जिथल्या तिथं थांबल्या.

“अंजलीताई, ऊटा म्हणजे जेवण! जेवण हो! उठा नव्हे! आमची अक्का तुम्हांला जेवा, जेवा म्हणून सांगायलीय, आणि तुम्ही उठायलात! ती बसा म्हणती, तुम्ही बसता, परत ऊटा म्हणती, परत उठता! आणि अजितराव, तो कोट काढा आधी! इथं कोण कर्नल नाही, इथं मटण आहे! मटण मिळतं त्याला आमच्याकडं मिलिटरी हॉटेल म्हणत्यात! तुम्ही आधार कार्ड दाखविलात तो रिक्षावाला आहे!”

जयसिंगरावांना आता थांबणं शक्यच नव्हतं. बांध फुटला होता.

“आणि मला तनय पसंत आहे! केवढा पसंत आहे सांगू? सारू पितंय बघा ते पोर वाटीला तोंड लावून, तवाच मी मनात हो म्हटलो! पण माझं मराठी धड नाही ताई. तुम्ही शिकविणारी माणसं. मी ‘केलो’ म्हणतो, ‘खाल्लो’ म्हणतो. तोंड उघडलं की चूक. माझ्या चुकीनं पोरीला खाली बघायला लागू नये म्हणून मीच तोंड बंद केलो. कुणी सांगितलं नाही मला. मीच ठरविलो.”

दारात चंदना उभी होती. हातात आनेकलच्या मोगऱ्याची पुडी, कपाळाला पंक्चरच्या दुकानातली काजळी, मागे तनय. तिनं ‘होल्डान’पासून सगळं ऐकलं होतं. बापानं आपल्यावरचा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला, तेही ऐकलं होतं.

ती आत आली. अंजलीताईंच्या समोर उभी राहिली. गेले सहा महिने तनयशी बोलून बोलून तिची मराठी चांगली पुणेरी झाली होती, एकही चूक सापडली नसती. पण ती म्हणाली,

“अप्पा खोटं बोलतायत. मी सांगितली त्यांना. स्वल्प कमी बोला म्हणून मीच सांगितली.”

सांगितली. मी सांगितली. तिच्या आजीचं, पणजीचं, ह्या घरातल्या सगळ्या बायकांचं ‘सांगितली’. मराठीच्या बाईंपुढे, मान वर करून. जयसिंगरावांना एकदम काही दिसेनासं झालं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि मिरचीचा ठसका लागला असं म्हणाले. मिरची अजून वाढलीच नव्हती.

अंजलीताई चंदनाकडे बघत राहिल्या. मग जयसिंगरावांकडे. मग स्वतःच्या नवऱ्याकडे, त्याच्या ब्लेझरकडे, टायकडे, बगलेतल्या फाईलकडे. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“रिक्षावाला?” त्या म्हणाल्या.

“मला वाटलं सुभेदार असेल,” अजितराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

आणि त्या बाई हसायला लागल्या. अशा हसल्या की पदराची पिन निघाली. डोळ्यांत आधीच पाणी होतं, ते आता गालांवरून वाहायला लागलं. तनय हसला, यल्लव्वा काही न कळता हसली, आणि अक्का पळी घेऊन मध्ये उभी राहून विचारत राहिली, “काय झालं? मला कोणतरी सांगा की! ऊटा गार होतंय!” त्यावर अंजलीताईंना बाकाचा आधारच घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्या पानावर जाऊन बसल्या. घट्ट बसल्या.

“जयसिंगराव,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुम्हाला ‘केलं’ म्हणून टोकलं, माझं चुकलं. तीस वर्षांची खोड आहे. आता वाढा. मी काही उठत नाही.”

मग जे जेवण झालं ते काय वर्णन करायचं! नाचणीच्या मुद्द्यावर, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या मऊ गोळ्यावर, गावठी कोंबडीचं तांबडंलाल सारू. खिम्याचे गोळे. चाप्स, हाडापासून आपण होऊन सुटणारे. तळ्यातला मासा, रव्यात घोळून तळलेला. अजितरावांनी ब्लेझर काढला, टाय काढला, बाह्या दुमडल्या आणि मुद्दा चावायला घेतला.

“चावायचं नाही, अजितराव! गिळायचं!” जयसिंगराव ओरडले. “असं तोडा, सारूत बुडवा, आणि सरळ खाली सोडा. मुंदे होगी, मुंदे होगी!”

“मुंदे होगी!” म्हणून अजितरावांनी घास गिळला आणि त्यांचा चेहरा उजळला. तिसऱ्या मुद्द्याला अक्कानं त्यांना स्वतःचा माणूस म्हणून मान्य केलं. जयसिंगराव बोलत होते. नाचणीवरून घसरलेली बस, लग्नाचा मांडव, लाडू, सगळं सांगून झालं, आणि अंजलीताईंनी पर्समधून छोटी वही काढली. “बस मांडवात शिरल्यावर ड्रायव्हर काय म्हणाला? परत सांगा, तसंच सांगा,” म्हणाल्या. त्या लिहून घेत होत्या. निळ्या पेननं.

संध्याकाळी सगळे बांधावर फिरले. रविवारी सकाळी माडीच्या गॅलरीत बसून गरम इडली पाया सूपमध्ये बुडवून खाल्ली, आणि पुण्यात इडली फुकट गेली आजवर, असं अजितरावांनी जाहीर केलं. साखरपुडा पुण्यात, लग्न बंगळूरला, आणि लग्नातली एक पंगत मटणाची, अक्काची, एवढं सगळं कॉफीच्या दुसऱ्या कपापर्यंत ठरून गेलं. बोलणं खरंच नंतर झालं, आणि पाच मिनिटांत झालं.

“पण लग्नात पंगतीला हाक तुम्ही द्यायची,” अंजलीताई जयसिंगरावांना म्हणाल्या. “माईक लावायचा नाही.”

दुपारी निघायच्या आधीचं शेवटचं जेवण. अक्कानं पुलाव उतरवला तेव्हा अजितराव आणि तनय गोल होडीतून तळ्यात गेलेले होते. काठापासून फार लांब नाही, कमळांच्या अलीकडेच, पण होडी आपल्याभोवतीच गिरक्या घेत होती आणि बापलेक एकमेकांना वल्हं कसं मारायचं ते शिकवत होते.

“जय्या, हाक मार त्यांना,” अक्का आतून म्हणाली.

जयसिंगराव बांधावर गेले. चंदना मागोमाग आली आणि शेजारी उभी राहिली. काठावर बंगळूरहून आलेली चार-पाच कुटुंबं चटया टाकून बसली होती, चांगल्या कपड्यांतली, हळू आवाजात बोलणारी माणसं. जयसिंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि बेतानं म्हणाले, “अजितराव... ऊटा.”

त्यांच्या पायाजवळच्या चटईवरच्या माणसालाही ते ऐकू गेलं नाही.

चंदनानं त्यांच्या दंडाला धरलं.

“अप्पा,” ती म्हणाली, “स्वल्प मोठ्यानं.”

जयसिंगरावांनी तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी नव्हती. ती हसत होती, आणि चटईवरच्या सगळ्या माणसांना दिसेल अशी हसत होती.

मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“अजितरावऽऽऽ! ऊऽऽटाऽऽऽ!”

चिंचेवरची सगळी पाखरं उडाली. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. चटईवरची माणसं वळून बघायला लागली, आणि चंदना त्यांना अभिमानानं म्हणाली, “माझे अप्पा.”

आणि तिकडे तळ्यात अजितराव, दोन दिवसांच्या सवयीनं, हाक ऐकल्याबरोबर ताडकन उठून उभे राहिले. गोल होडीत कुणी उभं राहतं का? होडी एका अंगावर कलली, तनय ‘बाबा!’ म्हणून ओरडला, आणि दोघंही पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं. अजितराव डोक्यावर कमळाचं पान घेऊन वर आले, दोन्ही हात उंचावले आणि काठाच्या दिशेनं चालायला लागले.

“आलो, आलो!” ते तिथूनच ओरडले. “पान वाढा!”

अक्कानं त्यांचं पान सगळ्यात आधी वाढलं.